वरच्या घराचं पाणी

बाबा, तुझं घर आणि माझं घर मिळून आता एकच बाग आहे. मध्ये भिंत नाही, तार नाही, मेंदीचं कुंपणसुद्धा नाही. तुझ्या मागच्या दारातून निघालं की चाळीस पावलांत माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीशी पोचता येतं, आणि भर श्रावणातही पाय चिखलात रुतत नाहीत. तू पहिलं काय विचारशील ते मला ठाऊक आहे. "यात खायचं काय हाय?" तर अळू आहे, केळी आहेत, लिंबू, शेवगा, कढीपत्ता, आणि वहिनीच्या हट्टापायी मिरचीचे दोन वाफे. बाकीचं बघायला. त्यावर तू म्हणशील, बघायला समोर डोंगर हाय की. म्हण. तुझ्याशी वाद घालायची सवय माझी अजून गेलेली नाही, आणि तुला जाऊन आता एकवीस वर्षं झाली. हो, तुला अरे-तुरेच करते आहे. शाळेत शिकून आल्यावर एकदा मी तुला "तुम्ही जेवलात का" असं विचारलं होतं, तर तू मागं वळून पाहिलंस, कुणी पाहुणा आलाय की काय म्हणून. तेव्हापासून तो नाद मी सोडला.

मी आता बागा आखते. असाही धंदा असतो. अंबरनाथला माझं ऑफिस आहे, हाताखाली चार माणसं आहेत, आणि मी बागा चांगल्या करते. हे सांगायला मी लाजत नाही. लाजले असते तर उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांनी मला पहिल्याच भेटीत गुंडाळून कपाटात ठेवलं असतं. लोकांना वाटतं हे मी कॉलेजात शिकले. कॉलेजात मी झाडांची लॅटिन नावं शिकले. बाकीचं शिकले ते तुझ्याकडे, कंपनीच्या कॉलनीत, जिथं तू सकाळचं शेत उरकून साहेब लोकांचे गुलाब बघायला जायचास. मे महिन्याच्या सुट्टीत मलाही न्यायचास, घरी राहिले तर आईला छळते म्हणून.

त्यातला एक दिवस. मी अकरा वर्षांची आहे. मॅनेजरच्या बंगल्यापुढं गुलाबाचा वाफा जरा उंचावर आहे आणि त्याच्या खाली तू आदल्या आठवड्यात लावलेली झिनियाची रोपं. तू माझ्या हातात रबरी पाइप देतोस आणि सांगतोस, एक आळं भरलं का पुढच्या झाडाला जा. मी पाइप आळ्यात सोडते आणि चिकूच्या सावलीत बसून तिखटमीठ लावलेली कैरी खाते. कैरी संपते तेव्हा आळं फुटलेलं आहे, आणि खालची झिनिया मातीसकट रस्त्यावर. तू नळ बंद करतोस. मला वाटतं आता पाठीत बसणार. तू मला दंडाला धरून वाफ्याच्या कडेला उकिडवं बसवतोस. "बग. कुठं जातंय ते बग." पाणी जिरेपर्यंत, अर्धा तास, तू मला तिथून हलू देत नाहीस. शेवटी म्हणतोस, "पान्याला आधी वाट द्यायची बाय, झाडाला जागा मागनं. पानी काय तुझ्या ऐकन्यातलं नसतं." एवढं बोलून तू गेलास आणि रस्त्यावरची रोपं एकेक उचलून परत लावलीस. निम्म्याहून जास्त जगली.

मी डिप्लोमा पास झाले तेव्हा मामानं घड्याळ दिलं, आत्यानं साडी. तू दिलीस ती पारदर्शक प्लास्टिकची नळी, वीसेक हात लांब, कंपनीतल्या साहेबाला विचारून आणलेली, वेटोळं करून सुतळीनं बांधलेली. मैत्रिणींना दाखवायची सोयच नव्हती. गवंडी लोक वापरतात तसली: आत पाणी भरायचं, एक टोक इकडं धरायचं, एक तिकडं, दोन्ही टोकांना पाणी जिथं थांबेल ती एका पातळीची खूण. मी म्हणाले, बाबा, आता याची यंत्रं आलीत. तू म्हणालास, "यंत्र बिघाडतंय. पानी बिघाडत नाय." मी ती सासरी नेली नाही. माळ्यावर टाकून गेले.

आता पुढचं तुला आवडणार नाही. तू आजारी पडलास तेव्हा तुझी खाट स्वयंपाकघरातच टाकली होती, फोडणीचा वास आला की तुला बरं वाटायचं म्हणून. मी सासरहून तुला बघायला आले होते. आई चुलीपुढं तांदळाची भाकरी थापत होती. तू म्हणालास, "मी गेलो का तलाठ्याकडं जाऊन सही करून टाक बाय. सगलं भावाच्या नावानं होऊदे. सही केली का माहेर राहतंय." तू काही जगावेगळं सांगत नव्हतास. आपल्याकडं बहिणी हक्कसोड करतात, जमिनीवरचा वाटा भावाला लिहून देतात, आणि मग दर दिवाळीला साडी घ्यायला येतात. दादा दारात उभा होता. "राहूदे बाबा" एवढं जरी तो म्हणाला असता, तरी मी कदाचित हसत सही केली असती. तो काही बोलला नाही. मग मी म्हणाले, "मी सही करणार नाही." आईची भाकरी तव्यावर जरा जोरातच पडली, आणि तू भिंतीकडं तोंड केलंस. त्यानंतर तू सोळा दिवस होतास, आणि आपण बोललो ते औषधाचं आणि पेजेचं. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण त्या नकाराचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता आणि आजही नाही. माझ्या मुलीला मी हेच शिकवलंय.

दादा भांडला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तू गेल्यावर वर्षभरात त्यानं मोजणी आणली, हद्दीचे दगड रोवले, आणि घरामागचा जरा उंचावरचा तुकडा माझ्या नावावर करून दिला. वहिनी दिवाळीची साडीही देत राहिली, न चुकता. फक्त बोलणं कामापुरतं झालं. "आलीस?" "आले." "जेवून जा." "जेवून आलेय." यावर आम्ही पंधरा-सोळा वर्षं काढली. आई होती तोवर ती दोघांच्या मधलं बोलायची. ती गेल्यावर तेही थांबलं.

तीन वर्षांपूर्वी मी त्या तुकड्यावर घर बांधलं. तुझा जावई रिटायर होत आला होता आणि मला इथं कुळगावातच म्हातारं व्हायचं होतं. जोतं उंच घेतलं. नवा रस्ता उंच झालाय, आणि बदलापुरात ज्यानं एकदा पूर पाहिला तो जोतं उंचच घेतो. त्यासाठी भराव टाकला. भराव जरा जास्त झाला. पुढचं तू न सांगताच ओळखशील. पूर्वी त्या तुकड्यावर पडलेला पाऊस तिथंच गवतात मुरायचा आणि उरलेलं पाणी तुझ्या घराला वळसा घालून बाजूच्या ओढ्याला जायचं. आता ते भरावावरून घसरलं ते थेट तुझ्या मागच्या दारात. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. कोठीतले तांदूळ खालून भिजले, मातीच्या भिंतीचा हातभर भाग फुगून आला. दुसऱ्यांच्या बागांत निचऱ्यावर तास-तासभर बोलणारी बाई मी, आणि माझ्या घराचं पाणी माझ्या भावाच्या उंबऱ्याआत.

दादा तेव्हाही भांडायला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, भांडायला मला येतं. त्यानं खाटेखाली विटा लावल्या, दाराला आडवी फळी ठोकली, आणि दोन पावसाळे बादलीनं पाणी उपसलं. मी एकदा पंप पाठवला. तो त्यानं धुऊन-पुसून परत पाठवला. मग गेल्या दिवाळीनंतर हद्दीच्या दगडांपाशी सिमेंटचे ब्लॉक येऊन पडले. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "भिंत घालतायत. शिमगा झाला का."

माझ्या धंद्याच्या नजरेनं सांगते, ती भिंत टिकणार नव्हती. माझ्या बाजूनं तिला पाणी तटणार, एक पावसाळा ती सोसणार, दुसऱ्याला तुझ्या स्वयंपाकघरावर कलणार. पण माझी झोप उडाली ती त्यापायी नाही. ती भिंत एकदा उभी राहिली की तुझ्या दारातून माझं घर दिसणार नव्हतं. माझी मुलगी पुण्याहून आली की भिंतीला वळसा घालून, रस्त्यानं, पाहुण्यासारखी मामाकडे जाणार होती. आणि काही वर्षांनी जाणारही नव्हती. तू म्हणाला होतास, सही केली की माहेर राहतं. सही न करता वाटा घेऊन मी माहेर घालवणार, म्हणजे तुझंच खरं होणार. ते मला मुळीच चालणार नव्हतं.

मग मी जे मला येतं ते केलं. नकाशा काढला. नव्या आणि जुन्या घरांच्या मधली बाग मी आधी केलेली होती, उल्हासनगरला एका सिंधी कुटुंबाची. त्यांचं जुनं बैठं घर, आणि शेजारी मुलानं बांधलेलं नवं. मी मध्ये सुंदर हिरवळ दाखवली होती, कारंजं दाखवलं होतं. जुन्या घरातली म्हातारी अम्मा नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "बेटी, ये लॉन-वॉन छोड़. मेरी रसोई से बहू की रसोई तक रास्ता दे. सब्ज़ी गरम पहुँचनी चाहिए." मी वाट दिली आणि कारंजं खोडलं. आज ती बाग त्यांच्याकडचे पाहुणे मुद्दाम बघायला जातात. तेव्हा आपल्या दोन घरांसाठीही मी पहिली रेघ मारली ती वहिनीच्या स्वयंपाकघरापासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत. मग उतार, मग झाडं. तीन रंगांत, बाणांसकट, मोठ्या कागदावर. इतका चांगला नकाशा मी कुठल्या गिऱ्हाइकाला दिलेला नाही.

एका रविवारी सकाळी तो घेऊन गेले. वहिनी सुपात जवळा निवडत बसली होती, दादा पाटावर पेपर वाचत. मी खाली बसून कागद पसरला आणि बोलायला लागले. मी बोलायला लागले की समोरच्याला हो म्हणावंच लागतं, अशी माझी ख्याती आहे. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "लय सुंदर हाय. पन हे निलं निलं काय दाखवलंयस?"

"पाणी थांबायची जागा, वहिनी. दोन-चार तास थांबेल, मग ओढ्याला जाईल."

"आमच्या गावाला धरन झालं ना, तवा पन असंच निलं दाखवलं व्हतं कागदावर. त्यात आमचं शेत गेलं." आणि ती परत जवळा निवडायला लागली. वहिनी धरणाकडची हे मी बाणांच्या नादात विसरूनच गेले होते.

दादानं पेपर खाली ठेवला. "कागदावर पानी तुझ्या मनासारखं वाहतंय," तो म्हणाला. "मना एक सांग. वरच्या खाचराचा बांध फोडायच्या आधी बाबा काय करायचा?"

तू काय करायचास ते मला सांगायची गरज नव्हती. चामटोलीला आपलं भाताचं खाचर वर आणि दुसऱ्याचं खाली. पाऊस लागून राहिला की आपलं आवण, नुकती लावलेली भाताची रोपं, बुडायला यायचं. तू फावडं घेऊन बांधावर उभा राहायचास आणि खालच्याला हाक घालायचास, "सोडतू रं!" तो आधी आपला बांध फोडून पाण्याला पुढची वाट करायचा, मग खालून ओरडायचा, "सोड!" तोवर तू फावडं मातीला लावायचा नाहीस, आपलं भात डोळ्यांदेखत पाण्याखाली गेलं तरी. एकदा तो माणूस जेवायला घरी गेला होता, तर तू मला त्याच्या घरी पळवलंस आणि तो हात धुऊन येईपर्यंत पावसात उभा राहिलास.

"तू हाक मारलीस?" दादानं विचारलं.

माझ्या भरावाबद्दल दोन वर्षांत त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आवाज चढवला नाही, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, ब्लॉकवरची पावडर लागलेले आपले तळहात बघत विचारलं. मी म्हणाले, "दादा, भराव किती टाकला ते मला कळलंच नाही. मी कामावर होते. कंत्राटदारानं माझ्या मागं चार-पाच गाड्या जास्त ओतल्या."

त्यानं तळहात एकमेकांवर झटकले. मग म्हणाला, "मंग असं सांगायचं की आधी." वहिनीनं त्या कंत्राटदाराला एक शेलकी शिवी हासडली आणि चहाला आधण ठेवलं. मला आठवतं, त्या चहात तिनं गवती चहा घातला होता.

दुपारी दादा माळ्यावरून तुझी नळी घेऊन आला. माझ्या गाडीत लेझरचं यंत्र होतं, ते काढायला मी वळले, पण तो नळी हातात घेऊन उभा होता, आणि नळीचं असं आहे की ती एकट्यानं वापरता येत नाही. आम्ही पाणी भरलं. एक टोक त्यानं तुझ्या मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी धरलं, दुसरं मी माझ्या जोत्याशी. नळी पुरेना, तेव्हा मध्ये खुंट्या मारून चार टप्पे केले. "हलवू नको." "तूच हलवतोयस." "बुडबुडा काढ आधी, बाबानं काय शिकवलंय तुला." असं भर उन्हात तासभर चाललं. माझं जोतं तुझ्या उंबऱ्यापेक्षा पावणेपाच फूट वर निघालं. "एवढं?" दादा म्हणाला. यंत्रानं मोजलं असतं तर आकडा माझ्या एकटीच्या पडद्यावर दिसला असता, आणि मी तो सावरून सांगितला असता. नळीत दोघांना दिसतो.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक वहिनीच्या भावाकडं गेले, गोठ्याला. आणि आम्ही बाग करायला घेतली. मी तीन रंगांचा नकाशा गुंडाळून ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं दुसरा काढला, अर्ध्या रेघा दादाच्या. माझ्या अंगणाचा भराव काढला. अकरा ट्रॅक्टर माती निघाली आणि चामटोलीच्या बांधांना गेली. गाडी लावायची जागा खाली गेली, माझ्या दाराला सात पायऱ्या झाल्या, त्यावरून तुझा जावई रोज कुरकुरतो. दोन घरांच्या मध्ये दोन उथळ खाचरं केली, एक वर माझ्याकडं, एक खाली तुझ्याकडं, मध्ये गवताचा बांध आणि बांधाच्या तोंडाला लाकडी फळी. खालच्याला दुसरी फळी, ओढ्याच्या बाजूला. आठ महिने ती कोरडी असतात, त्यात वहिनी पापड घालते आणि माझी मुलगी चटई टाकून लॅपटॉप घेऊन बसते. पावसाळ्यात ती पाणी धरतात. उताराला वाळा लावला, त्याची मुळं माती सोडत नाहीत. कडेनं अनंत, तगर, सोनचाफा.

भांडणं झाली, भरपूर झाली, आणि मला ती फार आवडली. दादाला सगळीकडं पेव्हर ब्लॉक हवे होते, "म्हंजे सोच्छ राहतंय". मी सांगितलं, पेव्हर घातलास तर मीच भिंत घालते. वाटेला जांभा दगड बसवला, फटींत गवत ठेवलं. वहिनी म्हणाली केळ मोरीच्या पाण्यावरच पाहिजे. मला ती नजरेच्या रेषेत नको होती. केळ मोरीच्या पाण्यावर आहे आणि दिसतेही चांगली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. विलायती गवताची हिरवळ मी चोरून एका कोपऱ्यात लावली, तर दादा म्हणाला, "ही गाय खाईल काय?" "नाही." "मंग कोन खाईल?" मला हसू आवरेना. तू गेल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं. हिरवळ मी काढून टाकली.

मग जुलै आला. सलग दोन दिवस पाऊस पडत होता, नदीचं पाणी वाढल्याचे मेसेज फिरत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी वरचं खाचर काठोकाठ भरलं. मी रेनकोट घालून, फावडं घेऊन बांधावर गेले. तुझा जावई खिडकीतून म्हणाला, "अगं फोन कर की त्याला." मला जरा लाज वाटली खरी, समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत उभे होते. तरी मी ओरडले, "दादा, सोडतेय!"

"थांब!" आतून आवाज आला. मी थांबले. दादा डोक्यावर गोणपाट घेऊन बाहेर आला, ओढ्याकडची फळी त्यानं दोन हातांनी उपसली, पाण्याला पुढची वाट झाली ते पायानं चाचपून बघितलं. मग ओरडला, "सोड!" मी फळी वर ओढली. पाणी माझ्या खाचरातून त्याच्या खाचरात, त्याच्या खाचरातून ओढ्याला, वाटेच्या एका दगडालाही न शिवता गेलं. मी आजवर पन्नासेक बागा केल्या असतील. त्यातली एकही अशी चालताना मी पाहिलेली नाही. तुझं स्वयंपाकघर ठणठणीत कोरडं होतं. आम्ही तिथंच बसून चहा प्यालो, तुझी खाट असायची त्या जागी, आणि मला रडू आलं. वहिनीनं विचारलं, काय झालं गं? मी म्हणाले, धूर. चूल जाऊन गॅस येऊन दहा वर्षं झालीत.

बाग आता बघायला लोक येतात. दादाच सगळ्यांना फिरवतो, वाळा दाखवतो, फळ्या वर-खाली करून दाखवतो. आणि दर वेळी शेवटी म्हणतो, "बाय आमची पान्याच्या कामात हुशारच. तवा पन तिची चूक नव्हती. तो कंत्राटदारच नालायक." हे तो इतक्या प्रेमानं म्हणतो की मी दर वेळी दुसरीकडं बघते.

कारण तो कंत्राटदार नालायक नव्हता. परप्रांतातला, कामाला चोख माणूस. भराव अडीच फुटांवर आला तेव्हा त्यानं गाड्या थांबवल्या आणि मला ऑफिसातून बोलावून घेतलं. म्हणाला, "मॅडम, इतना बस है. इससे ऊपर लोगे तो बारिश का पानी सीधा भाईसाब के घर में घुसेगा." मी त्या वेळी तिथंच उभी होते, कामावर नव्हते. माझ्यासमोर तुझ्या घराची कौलं होती. ज्या घरासाठी माझी सही मागितली गेली, त्या घराच्या कौलांवरून माझी खिडकी रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसावी असं मला वाटत होतं. पाणी कुठं जाणार ते मला त्याच्याहून चांगलं कळत होतं. मी म्हणाले, "जाने दो. और डालो."

हे लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. खिडकीतून दादा दिसतोय, खालच्या फळीशी अडकलेला पाला काढत बसलाय. मध्येच मान वर करून हात हलवतो, मीही हलवते. कागद घडी करून बाग ओलांडली तर मिनिटभरात त्याच्या हातात देता येईल. मी तो तुला लिहिला, बाबा, कारण तुला तो पोचणार नाही. दादाला पोचला असता.